भात कापणीला येण्याआधी रोपं पडवीत

शेतातलं हळवं, म्हणजे लवकर पिकणारं भात पिवळं पडायला लागलं की कोकणात आमच्या पडवीत रोपांचे खाचा-खाचांचे ट्रे मांडले जातात. भात निघाल्यावर त्याच ओलीवर मिरची, वांगी, टोमॅटो, नवलकोल लावायचे तर रोपं त्या दिवशी हाताशी हवीत, आणि ती वाढवायचे तीन ते सहा आठवडे नेमके उत्तरा-हस्ताच्या पावसात येतात. दुपारनंतर गडगडून येणारी सर उघड्या वाफ्यातलं बारीक बी एका कडेला वाहून नेते. जे रुजतं त्याच्या पानांवर लाल माती उडते आणि मातीबरोबर बुरशीही वर चढते. म्हणून भाजीचं रोप छपराखाली करायचं. छपराखाली आणलं की पाऊस सुटतो, पण उजेड कमी पडतो, आणि पुढची जवळजवळ सगळी कामं त्या एका अडचणीभोवती फिरतात.

तारखा उलट्या मोजाव्यात. मिरचीचं रोप लावणीजोगं व्हायला ३५ ते ४० दिवस लागतात, वांग्याला सुमारे ३०, टोमॅटो, कोबी, नवलकोल यांना २१ ते २५. शेत १ नोव्हेंबरला तयार होणार असेल तर मिरची २२ सप्टेंबरच्या सुमारास, वांगी २ ऑक्टोबरला आणि टोमॅटो ७ ऑक्टोबरला पेरायचा. निमगरवं किंवा गरवं, म्हणजे उशिरा पिकणारं भात असेल तर तेवढं पुढे सरकायचं. घाईने आधी पेरण्यात फायदा नाही. रोपं ट्रेमध्ये शेताची वाट बघत राहिली तर मुळं खाचेत गोल गोल फिरतात, खोड खालून लाकडासारखं होतं आणि लावल्यावर रोप बरेच दिवस जागचं हलत नाही. शंका असेल तेव्हा चार दिवस उशीर बरा.

वाण निवडताना कोकणात पहिला प्रश्न जिवाणूजन्य मर रोगाचा. आपल्या आम्लधर्मी, ओल्या, उबदार जमिनीत हा जिवाणू टिकून राहतो आणि फळाला आलेलं हिरवंगार वांग्याचं झाड दोन दिवसांत माना टाकतं. त्यावर नंतर औषध नाही, जो काही उपाय आहे तो बी घेतानाच. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे ‘अर्का रक्षक’ टोमॅटो आणि ‘अर्का केशव’, ‘अर्का निधी’, ‘अर्का नीलकंठ’ ही वांगी या मर रोगाला दाद न देणारी म्हणून काढलेली आहेत. ‘अर्का रक्षक’ संकरित आहे, त्याचं बी धरून पुढच्या वर्षी तेच गुण येत नाहीत. मिरचीत दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण कीर्ती’ आपल्या हवेत वाढवलेली आहे.

टोमॅटोच्या एका ग्रॅमला अडीचशे-तीनशे बिया भरतात. घरच्या बागेला १० ग्रॅमचं पाकीट म्हणजे कित्येक वर्षांचा साठा, आणि इथल्या दमट हवेत साठा हीच अडचण. बियातला ओलावा एक टक्क्याने उतरला की त्याचं आयुष्य साधारण दुपटीने वाढतं, चढला की तसंच निम्मं होतं. पाकीट फोडल्यावर उरलेलं बी घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत, सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवून बाटली फ्रिजमध्ये ठेवावी. बाटली बाहेर काढल्यावर ती खोलीइतकी उबदार होईपर्यंत उघडायची नाही, नाहीतर गार बियांवर दव धरतं आणि सगळी मेहनत वाया जाते. कांद्याचं बी जेमतेम वर्षभर चांगलं राहतं, मिरचीचं दोन वर्षं, टोमॅटो-वांग्याचं नीट ठेवलं तर चार. जुन्या बियांतल्या २० बिया ओल्या फडक्यात गुंडाळून, फडकं डब्यात ठेवून आधी बघाव्यात. १४-१५ रुजल्या तर एका खाचेत एक बी चालतं. दहाच रुजल्या तर दोन-दोन टाकावीत. त्याहून कमी असतील तर बी बदलावं.

आता माध्यम. परसातली जांभ्याची माती ट्रेमध्ये घालू नये. लहान खाचेत ती दोन पाण्यांत आवळून विटेसारखी होते, आणि मर रोगाचा जिवाणू, मुळांत शिरणारे सूत्रकृमी, तणाचं बी हे सगळं तिच्याबरोबर येतं. भाताच्या तरव्यासाठी, म्हणजे रोपांच्या वाफ्यासाठी, जमिनीवर पालापाचोळा जाळून राब भाजायची पद्धत आहे, त्यात वरच्या थरातलं तणाचं बी आणि बुरशी जळते. ट्रेपुरत्या मिश्रणाला तोच परिणाम उकळत्या पाण्याने साधतो. दोन भाग कोकोपीट, एक भाग चाळलेलं गांडूळखत आणि एक भाग नदीची जाड वाळू हे आमचं मिश्रण. त्यातली वाळू आणि गांडूळखत वेगळ्या घमेल्यांत घेऊन त्यांवर उकळतं पाणी ओतायचं, वर गोणपाट झाकायचं आणि पूर्ण निवल्यावर निथळून मिसळायचं. ताजं किंवा अर्धकच्चं शेणखत अजिबात नको. ते ट्रेमध्ये कुजताना कोवळी मुळं करपतात. समुद्राची किंवा खाडीची रेती घेऊ नये. कितीही धुतली तरी मीठ पूर्ण गेल्याची खात्री होत नाही.

कोकोपीट हा नारळाच्या सोडणाचा भुसा, म्हणजे आपल्या दारातलीच वस्तू, तरी तो आणून सरळ वापरणं बरं नाही. सोडणात मुळातच पोटॅशियम आणि सोडियमचे क्षार असतात, आणि सोडणं खाऱ्या पाण्यात कुजवलेली असतील तर ते आणखी वाढतात. अशा भुश्यात मिरची रुजते, पण पहिल्या खऱ्या पानाच्या कडा तपकिरी होतात आणि वाढ थांबते. बघणाऱ्याला वाटतं रोप भुकेलं आहे, म्हणून तो खत घालतो, म्हणजे आणखी क्षार. ६५० ग्रॅमची वीट चार लिटर गोड्या पाण्यात भिजवली की आठ-नऊ लिटर भुसा होतो. तो रात्रभर भिजवून, गोणपाटात घालून पिळावा, पुन्हा नवं पाणी, पुन्हा पिळणं, असं तीनदा. पाण्यातले विरघळलेले क्षार मोजणारा साधा टीडीएस मीटर असेल तर पिळून निघालेल्या पाण्याचा आकडा मूळ पाण्याच्या आकड्याजवळ येईपर्यंत धुवावं. शेवटी चार लिटर पाण्यात १० ते १५ ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट विरघळवून त्यात तो रात्रभर ठेवायचा आणि एकदा धुऊन काढायचा. कॅल्शियम भुश्याला चिकटलेल्या सोडियमची जागा घेतं. हे केलं नाही तर भुसा पुढे रोपाच्या वाट्याचं कॅल्शियम स्वतःकडे ओढून घेतो.

पाण्याकडेही तेवढंच लक्ष हवं. किनाऱ्यालगतच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात. त्या पाण्याने बी उशिरा रुजतं आणि ट्रेच्या वर पांढरी साय धरते. सप्टेंबर-ऑक्टोबरात ही अडचण नसते, छपरावरून येणारं पावसाचं पाणी पिंपात धरलं की झालं. पहिल्या सरीचं पाणी तेवढं सोडून द्यावं, त्यात कौलांवरची शेवाळ आणि धूळ उतरते.

९८ खाचांचा प्रो-ट्रे मिरची, टोमॅटो, वांगी, कोबी सगळ्यांना चालतो. एका ट्रेला साधारण सव्वा किलो ओलसर मिश्रण लागतं. मिश्रण मुठीत दाबलं तर बोटांमधून एक-दोन थेंब यावेत, धार लागली तर ते फार ओलं आहे. खाचा भरताना बोटाने ठासायचं नाही, ट्रे जमिनीवर दोनदा आपटला की पुरेसं बसतं. जुना ट्रे वापरायचा तर आधी साबणाने घासून ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात बुडवून काढून उन्हात वाळवावा. गेल्या वर्षीची बुरशी खाचेच्या कोपऱ्यात राहिलेली असते.

बी त्याच्या जाडीच्या दोन-तीनपट खोल. टोमॅटो, वांगी, मिरचीला अर्धा ते एक सेंटिमीटर. तुळस, सब्जा आणि बेसिल (परदेशी तुळस) यांचं बी झाकायचं नाही, ओल्या पृष्ठभागावर नुसतं दाबायचं, कारण ते उजेडात बरं रुजतं. पेरण्याआधी बियांना किलोला ४ ते ५ ग्रॅम या प्रमाणात ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला आवरणाऱ्या उपयोगी बुरशीची भुकटी, चोळावं. पाकीटभर बियांना चिमूटही जास्त होते. कॅप्टान किंवा थायरम हे बुरशीनाशक लावलेलं रंगीत बी असेल तर मात्र ट्रायकोडर्मा लावू नये, ते औषध त्यालाच मारेल.

पेरलेले ट्रे एकावर एक रचून वर ओलं गोणपाट टाकतात, ते योग्यच आहे. आपल्याकडे सप्टेंबरात २७-२८ अंशांची हवा आयतीच असते, खालून ऊब देण्याची गरज पडत नाही. पण गोणपाट काढायची वेळ चुकली तर तो ट्रे कायमचा बिघडतो. कोबीवर्गीय तीन ते पाच दिवसांत, टोमॅटो पाच ते सात, वांगी सहा ते आठ, मिरची आठ ते बारा दिवसांत वर येते. तिसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ गोणपाट उचलून बघायचं आणि एका ट्रेमध्ये पाच-सहा खाचांत वाकलेला पांढरा कोंब दिसला की सगळं उघडायचं. सगळ्या बिया येईपर्यंत थांबायचं नाही. उरलेल्या उघड्यावरही येतात. अंधारात एक दिवस जास्त राहिलेला टोमॅटो दोन इंच पांढरा दोरा होऊन बाहेर पडतो आणि पुढे कितीही उजेड दिला तरी ती मान आखूड होत नाही.

नवरात्रात देवघराच्या अंधारात घातलेलं रुजवण पिवळं, उंच, लवलवीत वाढतं, आणि तिथे ते तसंच हवं असतं. ट्रेमधलं रोप त्या रूपाकडे झुकायला लागलं तर उजेड कमी आणि ऊब जास्त झाली, एवढं समजायचं. ही जोडी कोकणात फार सहज जमते. थंड प्रदेशात खोली गार ठेवून वाढ आवरता येते. आपल्याकडे ढगाळ रात्रीही हवा चोविसाच्या आसपास असते, रोप धावतच राहतं. त्यामुळे जेवढा उजेड देता येईल तेवढा द्यायचा आणि पाणी आवरतं ठेवायचं.

पूर्वेची पडवी सगळ्यात चांगली. पश्चिमेकडून पावसाचा मारा आणि खारा वारा दोन्ही येतात. ट्रे कठड्यालगत, पण पागोळ्यांच्या शिंतोड्यांपासून हातभर आत ठेवावेत. कौलात बसवलेल्या एका काचेच्या कौलावर विसंबू नये. त्याचा कवडसा दिवसभर सरकत राहतो आणि एका ट्रेला जेमतेम तास-दीड तास मिळतो. पडवीपुढे चार फूट पारदर्शक पत्रा वाढवता आला तर त्यासारखं दुसरं काही नाही, फक्त त्यावर धरणारी शेवाळ महिन्याने घासावी. तेही जमत नसेल तर २० वॉटच्या दोन एलईडी ट्यूब ट्रेच्या वर १० ते १५ सेंटिमीटरवर टांगाव्या आणि रोज १४ तास चालू ठेवाव्या. दिवसाला अर्ध्या युनिटपेक्षा थोडी जास्त वीज लागते. ट्यूब ट्रेच्या दोन फूट वर किंवा छताला लावली तर रोपाला तिचा काही उपयोग नाही. उंची वाढेल तशी ट्यूब वर सरकवायची, म्हणून ती साखळीला किंवा सुंभाला टांगलेली बरी. वादळात वीज गेली तर घाबरायचं कारण नाही, तेवढे दिवस पाणी अगदी कमी द्यायचं म्हणजे रोप फारसं लांबत नाही.

खिडकी किंवा कठडा एकाच बाजूला असेल तर ट्रे रोज अर्धा फिरवावा. आणि दिवसातून एक-दोनदा रोपांच्या शेंड्यांवरून हलका हात फिरवावा, दहा-पंधरा वेळा. हाताच्या किंवा वाऱ्याच्या हलण्याने खोड आखूड आणि जाड होतं. टोमॅटोमध्ये हा फरक डोळ्यांना दिसतो. पानं ओली असताना मात्र हात लावू नये, रोग एका रोपावरून दुसऱ्यावर जातो.

छपराखाली सर्वांत जास्त रोपं जातात ती कोलमडीने. काल ताठ असलेलं रोप सकाळी आडवं, आणि मातीलगत खोड पाण्याने भिजल्यासारखं, दोऱ्याएवढं बारीक झालेलं. पिथियम आणि रायझोक्टोनिया या बुरशी यामागे असतात, त्यांना ओल आणि कोंदट हवा पुरते. आडव्या झालेल्या रोपाच्या खाचेसह चारही बाजूंच्या खाचा रिकाम्या करून तो भाग लांब फेकावा. रोग कडेने गोल पसरतो आणि शेजारची रोपं दिसायला चांगली असली तरी बहुतेक वेळा गेलेलीच असतात. मग पाणी बंद, ट्रे वाऱ्याच्या तोंडी, शक्य तर पंख्याचा हलका वारा, आणि १० लिटरला ३० ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराईड या बुरशीनाशकाची आळवणी, म्हणजे ते पाणी मुळाशी ओतणं. आळवणीनंतर ट्रायकोडर्मा घालण्यात अर्थ नाही. पण कोलमड आल्यावर धावण्यापेक्षा पाणी देण्याची रीत बदलणं हाच खरा उपाय. झारीने वरून रोज शिंपण्याऐवजी ट्रे बोटभर पाणी असलेल्या परातीत १५-२० मिनिटं ठेवायचा, खालून ओल चढली की काढून निथळू द्यायचा. पुन्हा कधी द्यायचं हे दिवसांवर नाही, ट्रे उचलून वजनावर ठरवायचं. पावसाळी हवेत तीन-तीन दिवस पाणी लागत नाही आणि ऑक्टोबरच्या उन्हात रोज लागतं. नेहमी सकाळीच द्यावं, म्हणजे रात्रीपर्यंत वरचा थर सुका होतो.

किड्यांत मुंग्या आणि गोगलगायी आधी. मुंग्या बेसिल, सब्ज्यासारखं बारीक बी उचलून नेतात. ट्रे ठेवलेल्या बाकाचे पाय पाणी भरलेल्या करवंट्यांत ठेवले की तो प्रश्न सुटतो. गोगलगायी रात्री येतात, विजेरी घेऊन हातानेच वेचाव्या लागतात. पांढरी माशी आणि फुलकिडे टोमॅटो-मिरचीत पर्णगुच्छ आणि चुरडा-मुरडा हे पानं आखडवणारे रोग रोपातच घालून ठेवतात, आणि तसं रोप शेतात कितीही सांभाळलं तरी उभं राहत नाही. ट्रेवर ४० मेशची नायलॉन जाळी कमानीवर टाकावी, पानांना टेकू देऊ नये.

कोकोपीटमध्ये अन्न जवळपास नसतं. पहिलं खरं पान उघडेपर्यंत बियातली शिदोरी पुरते. त्यानंतर १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला १ ग्रॅम, आठवड्यातून एकदा, परातीतूनच. मध्ये एखाद्या आठवड्याला त्याऐवजी कॅल्शियम नायट्रेट १ ग्रॅम. दोन्ही एका पाण्यात मिसळू नयेत, फॉस्फेटबरोबर कॅल्शियम तळाला बसतं. पानं गडद हिरवी आणि रोप लुसलुशीत दिसायला लागलं तर खत थांबवावं.

सुगंधी आणि मसाल्याच्या झाडांपैकी बियांपासून करावीत ती तुळस, सब्जा, बेसिल. पुदिना, पत्री ओवा फांदीने आणि गवती चहा ठोंबाने. रोझमेरीचं बी कमी आणि उशिरा रुजतं, तिचीही फांदीच बरी, आणि तिला आपला पावसाळा सोसत नाही म्हणून कुंडी कायम छपराखाली. पार्सली बी २४ तास भिजवूनही तीन आठवडे घेते. कोथिंबीर, शेपू, मुळा, गाजर, मेथी, लाल माठ ट्रेमध्ये करून लावू नयेत, जागेवरच पेरावीत. मुळा-गाजराचं सोटमूळ हलवलं की वाकडं होतं, कोथिंबीर फुलाला येते. धणे पेरताना लाटण्याने हलके दुभंगवावेत, एका धण्यात दोन बिया असतात. कढीपत्त्याचं बी पावसाळ्यात पिकलेल्या काळ्या फळांतून काढून, गर धुऊन, त्याच आठवड्यात पेरावं. सुकवून ठेवलं तर काही आठवड्यांत मरतं.

लावणीआधी आठवडाभर रोपं टणक करायची. पहिल्या दिवशी तासभर सकाळचं ऊन, मग रोज तासाने वाढ, खत बंद, पाणी कमी. पावसाळा संपल्यावरचं ऑक्टोबरचं ऊन फार कडक असतं. सावलीतलं रोप थेट त्यात नेलं तर पानांवर पांढरे डाग पडतात. चार-पाच पानं, १२ ते १५ सेंटिमीटर उंची आणि खाचेतून गोळा अखंड सुटणं, इतकं झालं की संध्याकाळी लावावीत. टोमॅटो पहिल्या पानापर्यंत खोल लावला तर गाडलेल्या खोडाला मुळं फुटतात. मिरची-वांगी मात्र ट्रेमधल्या खोलीवरच. जिथे गेल्या वर्षी यांपैकी काहीही होतं ती जागा टाळावी. भाताच्या चिखलातून निघालेली जमीन मर रोगाच्या दृष्टीने त्यातल्या त्यात सुरक्षित असते. तरी एखादं झाड हिरवंच मान टाकून बसलं तर मुळालगतचं खोड कापून ग्लासभर स्वच्छ पाण्यात लटकवावं. काही मिनिटांत दुधासारखे धागे खाली उतरले तर तो जिवाणू. ते झाड मुळासकट उपटून जाळावं, आणि त्याच्या आळ्यातलं पाणी दुसऱ्या आळ्यात जाऊ देऊ नये. गेलेल्या रोपांच्या जागी लावायला दहातलं एक रोप ट्रेमध्ये राखून ठेवावं.

वेलभाज्यांचं काम वेगळ्या वेळी, मेच्या शेवटच्या आठवड्यात. दोडका, पडवळ, कारली, दुधी, तवसं यांचं बी जूनच्या पहिल्या मोठ्या सरीत जमिनीत असलं तर कुजतं. पण दोन पानांचं रोप तीच सर सोसतं. यांची मुळं हलवलेली सोसत नाहीत, म्हणून ट्रे नको, कागदी पेले किंवा लहान पिशव्या घ्याव्यात, तळाला भोकं पाडून. कारल्याच्या कडक बियांचं टोक नेलकटरने किंचित उडवून २४ तास पाण्यात, बाकीच्या बिया ८ ते १० तास. एका पेल्यात दोन बिया, टोकदार बाजू खाली, एक इंच खोल. उंदीर ही बी रात्रीत उकरून खातात, रुजेपर्यंत वर जाळीचं झाकण हवंच. बारा ते पंधरा दिवसांत, दोन खरी पानं आल्यावर, पेला कापून गोळा न फोडता लावायचं. पावसाळ्यात आळं खोदू नये, त्यात पाणी साचून मुळं गुदमरतात. वीतभर उंच ढीग करून त्याच्या माथ्यावर रोप लावावं आणि उताराच्या बाजूने पाण्याला वाट काढून द्यावी.